उंदराचे फुप्फुस दप्तरी, मजुराचे बेदखल!

पावसाने उघडीप दिली की कन्नड तालुक्यातल्या पिशोर परिसरात पाठीवरच्या पंपांची घरघर सुरू होते. कापूस असो, मका असो की अद्रक, फवारणी कोणालाच चुकत नाही. आपल्याकडे तिला 'औषध मारणे' म्हणतात. विषाला औषध म्हणायची सवय आपल्याला कोणी लावली, हे एकदा विचारायलाच हवे. औषध रोग्याला बरे करण्यासाठी असते. हे 'औषध' किडीसाठी विष, तणासाठी विष आणि फवारणाऱ्यासाठीही विषच. ते बनवणारा दूर कुठेतरी कारखान्यात असतो, विकणारा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर असतो आणि नाकातोंडात घेणारा असतो तो रोजंदारीवरचा मजूर. तो बौद्ध असतो, मातंग असतो, भिल्ल असतो, तांड्यावरचा बंजारा असतो. नाहीतर एक-दोन एकर कोरडवाहूवर कसाबसा तगलेला कोणत्याही जातीचा शेतकरी असतो.

आमचा प्रश्न साधा आहे. हे रसायन श्वासावाटे फुप्फुसात गेले तर काय होते, याची तपासणी या देशात होते की नाही? उत्तर ऐकून वाचकांना आश्चर्य वाटेल. होते! कायद्यानेच होते. पण ती उंदराची होते. ज्याच्या नाकापुढे वर्षानुवर्षे हा फवारा उडतो, त्या मजुराची छाती मात्र कोणी तपासत नाही. तीही तपासावी असे नियमात छापलेले असूनही तपासत नाही. एवढीच गोष्ट आम्ही आज कागदानिशी मांडणार आहोत.

१९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाखाली कोणतेही कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशक केंद्राच्या नोंदणी समितीकडे नोंदवावे लागते. त्याशिवाय ते विकता येत नाही. फरिदाबादच्या त्या कार्यालयात कंपनी आपल्या रसायनाच्या विषारीपणाची माहिती दाखल करते. तोंडावाटे किती विषारी, कातडीवाटे किती विषारी आणि श्वासावाटे किती विषारी. श्वासाच्या चाचणीची जगात मान्य असलेली एक पद्धत अशी: उंदरांना नळ्यांमध्ये अशा रीतीने अडकवतात, की त्यांचे फक्त नाक रसायनाच्या धुक्यात राहावे. हवेत रसायन किती आणि त्याच्या थेंबांचा आकार किती हे यंत्राने मोजतात. चार तास ती हवा उंदरांना हुंगायला लावतात. पुढे चौदा दिवस त्यांच्यावर नजर ठेवतात. किती मेले, किती धापले, कोणाचे वजन घटले, सारे लिहून ठेवतात. शेवटी त्यांची चिरफाड करून फुप्फुसे पाहतात. ज्या प्रमाणात निम्मे उंदीर मरतात, तो आकडा त्या रसायनाची श्वासावाटेची मारक मात्रा म्हणून नोंदवला जातो. दीर्घ परिणाम पाहण्यासाठी २८ दिवसांच्या आणि ९० दिवसांच्याही चाचण्या आहेत.

या चाचणीला आमचा विरोध नाही. उलट अशी चाचणी न करता विष बाजारात आणणे हा गुन्हाच ठरेल. पण हा उंदीर आणि आपला मजूर यांची तुलना एकदा करून पाहा. उंदीर निरोगी निवडलेला असतो. त्याला एकाच रसायनाची हवा मिळते. तीही मोजूनमापून. आपल्या मजुराच्या पंपात दुकानदाराने सांगितलेली दोन-तीन 'औषधे' एकत्र कालवलेली असतात. तो चार तास नव्हे, दिवसभर फवारतो. आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. असा हंगामामागून हंगाम. त्याच्या छातीत आधीच चुलीचा धूर असतो, बिडीचा धूर असतो, कधी जुना क्षय असतो. उंदराच्या पिंजऱ्यातल्या आकड्यावरून या माणसाला सुरक्षित ठरवायचे असेल, तर त्या माणसाची छातीही अधूनमधून तपासून पाहायला नको काय? चाचणी प्रयोगशाळेत सुरू होते हे ठीक. ती शेताच्या बांधावर येऊन संपायला हवी. आपल्या देशात ती बांधापर्यंत येतच नाही.

आता डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल त्रिकोण म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हे शाळा न शिकलेला मजूरही सांगतो. अक्षर न येणाऱ्याला धोका कळावा म्हणूनच हे रंग. पण रंग ठरतो कशावरून? १९७१ च्या कीटकनाशके नियमांत त्याचा तक्ता आहे. प्राण्याच्या वजनाच्या दर किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्राणी मरत असतील तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्यापुढे हिरवा. शेजारी दुसरा रकाना कातडीवाटेच्या मात्रेचा. बस्स! तिसरा रकाना नाही. श्वासावाटे ते रसायन किती जहाल आहे, याला त्रिकोणाच्या रंगात जागाच नाही. म्हणजे कंपनीने श्वासाची चाचणी केली, फाईल फरिदाबादला गेली, शिक्का बसला. पण त्या चाचणीतले काहीही रंगाच्या रूपाने मजुरापर्यंत पोहोचले नाही. फवारणारा माणूस विष पीत नाही, ते हुंगतो. आणि डब्यावरचा त्रिकोण त्याला पिण्याचा आणि अंगावर सांडण्याचा धोका सांगतो, हुंगण्याचा सांगत नाही! हा तक्ता करणाऱ्यांनी पाठीवर पंप घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणला असता, तर नाक विसरले नसते.

उदाहरण म्हणून एकच रसायन घेऊ. पॅराक्वाट. हे तणनाशक १९६२ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने बाजारात आणले. हिरव्या पानावर पडले की काही तासांत पान करपते. खुरपणीच्या मजुरीपेक्षा बाटली स्वस्त पडते, म्हणून ते गावोगाव पोहोचले. ज्या बाया पाच-पाच जणींच्या पाती धरून खुरपायला जायच्या, त्यांचा रोज या बाटलीने खाल्ला. तो हिशेब वेगळा मांडावा लागेल. इथे फुप्फुसाचा मांडू.

पॅराक्वाट शरीरात कोणत्याही वाटेने गेले तरी ते फुप्फुस गाठते. आपल्या फुप्फुसातल्या बारीक हवेच्या पिशव्यांच्या पेशी शरीराला लागणारी काही द्रव्ये रक्तातून ओढून घेत असतात. पॅराक्वाटची ठेवण त्या द्रव्यांसारखी असल्याने पेशी फसतात आणि त्यालाही आत ओढतात. रक्तात असते त्याच्या कितीतरी पट ते फुप्फुसात साठते. तिथे प्राणवायूच्या संगतीने ते पुन्हा पुन्हा पेशी जाळत राहते. म्हणूनच अशा रोग्याला सरसकट प्राणवायू लावायलाही डॉक्टर कचरतात. कारण प्राणवायू आगीत तेल ओततो. मग फुप्फुस घट्ट, चिवट होत जाते. रोगी शुद्धीवर असतो, बोलतो, आणि घरच्यांच्या डोळ्यांदेखत काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत श्वासाविना जातो. अपघाताने पॅराक्वाट पोटात जाऊन दगावलेल्या दोघांची हकिकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १९६६ मध्येच छापून आली होती. त्याला साठ वर्षे होत आली. आजही या विषावर उतारा नाही. आणि आपल्याकडे त्याच्या डब्यावर त्रिकोण कोणता? पिवळा!

इथे एक कायद्याची गंमत सांगतो. १९७१ च्या नियमांतला ४१ वा नियम म्हणतो, की कीटकनाशक बनवणाऱ्याने व वितरकाने त्यावरचा उतारा आणि प्रथमोपचाराची औषधे पुरेशी बाळगली पाहिजेत. ज्या विषाला उताराच नाही, त्याचा उतारा कोणी आणि कुठे बाळगायचा? जो नियम पाळणेच अशक्य आहे, तो मोडूनच ते विष विकले जाते. मग विक्रीची परवानगी देणाऱ्यांनी स्वतःचा नियम वाचला होता की नाही?

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते. फवाऱ्याचे थेंब मोठे असतात, ते नाकाघशातच अडकतात, खोल फुप्फुसात जात नाहीत. आणि माणसे मरतात ती फवारून नव्हे, पिऊन मरतात. या उत्तरात थोडे तथ्य आहे, म्हणून ते नीट तपासू. थेंबाचा आकार नोझलवर, पंपाच्या दाबावर आणि वाऱ्यावर ठरतो. झिजलेले नोझल, स्वस्तातला चार्जिंगचा पंप आणि वाऱ्याविरुद्ध चालणारा माणूस प्रयोगशाळेत नसतो, तो पिशोरच्या शिवारात असतो. मोठा थेंब नाकाघशात अडकला तरी तिथली कातडी जळते, नाकातून रक्त येते. अंगावर जखम असेल तर पॅराक्वाट तिच्यातूनही आत शिरते आणि शेवटी फुप्फुसालाच धरते. राहिला पिण्याचा मुद्दा. हताश माणसाच्या घरात, हाताच्या अंतरावर, ज्यातून परत फिरता येत नाही असे विष ठेवायचे आणि दोष त्याच्या हताशेला द्यायचा, हा न्याय कुठला? दक्षिण कोरियाने २०११-१२ मध्ये पॅराक्वाट बंद केले, तेव्हा तिथले आत्महत्यांचे मृत्यू घटले आणि शेतीचे उत्पादनही बुडाले नाही. श्रीलंकेनेही ते टप्प्याटप्प्याने बंद केले.

युरोपातली गोष्ट तर वकिलांनी मुद्दाम वाचावी. २००३ मध्ये युरोपीय आयोगाने पॅराक्वाटला परवानगी दिली. स्वीडन न्यायालयात गेले. ११ जुलै २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. त्या प्रकरणात ग्वाटेमालाच्या शेतावर प्रत्यक्ष फवारणाऱ्यांवर घेतलेल्या मोजणीचाही विचार झाला. त्यात एका फवारणाऱ्याच्या अंगात गेलेले प्रमाण ठरवलेल्या मर्यादेच्या वर निघाले होते. दूर ग्वाटेमालातल्या शेतमजुरावर झालेली मोजणी युरोपच्या न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली. कारण ती कोणीतरी केली होती आणि लिहून ठेवली होती! आपल्या मजुराची मोजणीच झाली नाही, तर आपण कोणत्या न्यायालयात काय दाखवायचे? मोजणी न करणे हीसुद्धा एक युक्ती असते. नोंद नाही म्हणजे पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे नुकसान नाही आणि नुकसानच नाही म्हटल्यावर भरपाई कसली?

कोणी म्हणेल, तणनाशकाचे एक उदाहरण घेऊन तुम्ही गळा काढता. मग यवतमाळ आठवा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली. २० हून अधिक माणसे दगावली. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. फवारा वर धरावा लागे आणि तो तोंडावर येई. कोणाची नजर गेली, कोणाला उलट्या, कोणाला श्वास घेता येईना. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या बाधेत श्वासनळ्या पाण्याने भरतात, श्वास ओढणारे स्नायू लुळे पडतात आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा जातो. सरकारने विशेष तपास पथक नेमले. हंगाम सरत आल्यावर, नोव्हेंबर २०१७ पासून, मोनोक्रोटोफॉससह ५ कीटकनाशकांवर ५ जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली. साठच दिवस का? कारण १९६८ च्या अधिनियमातले कलम २७ राज्याला तेवढेच देते. ६० दिवस, आणि चौकशी अपुरी असेल तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी घालायची तर दिल्लीकडे पाहायचे. घटनेने शेती आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्याच्या सूचीत घातले, तरी राज्यातल्या माणसाला मारणारे विष नव्वद दिवसांपलीकडे रोखायला या कलमाखाली राज्याचे हात बांधलेले! तरीही केरळने २०११ मध्ये पॅराक्वाटसह अनेक जहाल कीटकनाशके आपल्या राज्यात बंद केली. इच्छा असेल तिथे वाट सापडते. महाराष्ट्राने ती वाट शोधल्याचे आम्हाला दिसत नाही.

यवतमाळच्या ५१ कुटुंबांनी २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडच्या सरकारी कार्यालयात सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार नोंदवली. डायफेन्थियुरॉन हे रसायन असलेल्या तिच्या उत्पादनाने आपल्याला बाधा झाली, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने जबाबदारी नाकारली. तो वाद तिथला आहे. आमचा मुद्दा एवढाच, की ज्या युरोपात ते रसायन शेतावर वापरायला परवानगी नाही, तिथल्या कंपनीचे ते उत्पादन यवतमाळच्या रानात चालते. गोऱ्या शेतमजुराचे फुप्फुस आणि काळ्या शेतमजुराचे फुप्फुस यांत निसर्गाने फरक केलेला नाही. तो परवान्याने केला आहे.

यवतमाळनंतर एक शब्द फार वापरला गेला. 'निष्काळजीपणा'. मजुराने मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. म्हणजे मेला तो त्याच्या चुकीने! आता आम्ही निष्काळजी कोण ते नियमांतून दाखवतो. १९७१ च्या नियमांतला ३९ वा नियम संरक्षक कपड्यांचा आहे. ४० वा नियम श्वसनाच्या साधनांचा आहे. त्यात साधा रुमाल नव्हे, तर रसायन गाळणारे नळकांडे बसवलेला मुखवटा, बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा अशी साधने नावानिशी दिली आहेत. ४२ वा नियम कामगारांच्या प्रशिक्षणाचा आहे. आणि ३७ वा नियम वैद्यकीय तपासणीचा. कीटकनाशकांच्या संपर्कात काम करणाऱ्यांची कामावर घेण्याआधी तपासणी करावी, पुढे कारखान्यातल्या माणसाची दर तिमाहीला आणि इतरांची वर्षातून एकदा करावी, ती या धोक्याची जाण असलेल्या डॉक्टरने करावी आणि नोंदवहीत लिहावी, असे तो नियम सांगतो. पन्नासहून अधिक वर्षे हा नियम छापील आहे. पिशोरच्या कोणत्याही फवारणाऱ्याला विचारा, तुझी अशी तपासणी कधी झाली? तो तुमच्याकडे वेड्यासारखा पाहील.

कायद्याचे पुस्तक असे का वांझ राहते? कारण हे नियम लिहिताना मालक म्हणजे कारखानदार किंवा फवारणीचा ठेका घेणारी कंपनी असे गृहीत धरले गेले. शेतात मालक कोण? दोन एकरांचा शेतकरी, जो स्वतःच कर्जात आहे आणि पुष्कळदा स्वतःच पंप उचलतो. त्याच्या गळ्यात ही जबाबदारी अडकवून आम्हाला समाधान मिळणार नाही. गायरानाची जमीन कसणारे आमचे कितीतरी बांधव आज स्वतःच मालक, स्वतःच मजूर आणि स्वतःच बळी आहेत. शेतकरी आणि मजूर यांची यात भांडणे लावणाऱ्यांपासून सावध राहा. नफा ज्याच्या घरी जातो, जबाबदारीही त्याच्याच दारात नेली पाहिजे. विष बनवणारा, विकणारा आणि त्यांना परवाना देणारा, हे ते तीन धनी. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यासाठी आणि भादव्याच्या उकाड्यासाठी जो पोशाख घालताच येत नाही, तो घातला नाही म्हणून मजुराला बोल लावण्याऐवजी, ज्या रसायनाला तसा पोशाख लागतो ते रसायन आपल्या हवामानात विकण्याजोगे आहे का, हे परवाना देण्याआधी पाहायचे असते.

विषबाधा झाल्यावर काय होते तेही पाहू. पिशोरचा अत्यवस्थ माणूस कन्नडला आणि तिथून छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत जातो. तो रस्ता पार करेपर्यंत मोलाचे तास जातात. अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे राज्य सरकार अधिसूचना काढून विषबाधेचा प्रत्येक प्रकार कळवणे बंधनकारक करू शकते. पण जो माणूस दवाखान्यात न जाता घरीच चार दिवस खोकत पडतो, ज्याला दर हंगामानंतर दम लागतो, चढ चढवत नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत होणार? तो गावात 'दमेकरी' म्हणून ओळखला जातो आणि पन्नाशीच्या आत म्हातारा होतो.

भरपाईची योजना वाचाल तर डोळे उघडतील. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आहे. कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा त्यात अपघात म्हणून धरली आहे, हे चांगलेच. मृत्यू झाला तर २ लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. फुप्फुस गेले तर? त्याचा उल्लेख नाही! डोळ्याला किंमत आहे, हातापायाला किंमत आहे. ज्यावर जीव चालतो त्या फुप्फुसाला नाही. शिवाय योजना खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी. सातबारावर नाव नसलेला भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही. नाव न लागलेले गायरानधारकही बसत नाहीत. म्हणजे पंप ज्याच्या पाठीवर, तोच योजनेच्या बाहेर. गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारासाठी आपण लढलो, म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वारसांची भरपाई ३० लाखांवर नेली. गटारातला वायू आणि रानातला फवारा, दोन्हींनी जाते ते फुप्फुसच. आणि दोन्ही ठिकाणी कामावर उतरवला जातो तो गरीब, भूमिहीन माणूसच.

फुप्फुसाबद्दल आपल्याकडे न्यायालयाने काही म्हटलेले नाही असे नाही. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणात २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्याहून महत्त्वाचा आदेश नोंदीचा होता. प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर जपून ठेवा! न्यायालयाला हे कळले होते, की फुप्फुसाचा आजार आज शिरतो आणि वीस वर्षांनी बाहेर येतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो, मालक बदललेला असतो. उरतो तो फक्त कागद. ॲस्बेस्टॉसच्या कामगाराला जो कागद मिळू शकतो, तो फवारणाऱ्या मजुराला का नको?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले. कामगाराची स्थिती त्यांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन पाहिली आणि लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. पाहणे आणि कायदा यांत अंतर एवढेच होते. आज कृषी खात्याचे किती अधिकारी भादव्यात कपाशीच्या पातीत उभे राहून तो फवारा हुंगून येतात?

केवळ टीका करून आम्ही थांबणार नाही. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, १९७१ च्या नियमांतल्या ३७ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक गावात फवारणाऱ्यांची नोंदवही सुरू करा. हंगामाआधी आणि हंगामानंतर सरकारी दवाखान्यात त्यांच्या फुप्फुसांची तपासणी करा. नळीत जोराने फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारे स्पायरोमीटर हे काही चंद्रावर नेणारे यंत्र नाही. ते मोटारसायकलवरून गावात आणता येते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके फवारणाऱ्यांची रक्ततपासणीही त्याच वेळी करा. दुसरी, डब्यावरचा त्रिकोण ठरवताना श्वासावाटेच्या विषारीपणाचा रकाना घाला. तिसरी, ज्या रसायनाला उतारा नाही त्याची विक्री राज्यात थांबवा आणि कायमच्या बंदीसाठी केंद्राकडे लेखी आग्रह धरा. चौथी, सानुग्रह योजनेत भूमिहीन मजूर आणि गायरानधारक घ्या, आणि फुप्फुसाच्या कायमच्या हानीला अपंगत्व माना. पाचवी, कंपन्यांनी दाखल केलेल्या श्वासचाचण्यांचे निष्कर्ष मराठीत उघड करा. व्यापारी गुपित म्हणून ते झाकता येणार नाहीत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८ (१) (घ) व्यापक जनहितासाठी अशी माहिती द्यायला सांगते. कोणते रसायन किती श्वासात गेल्यावर मारते, हे हुंगणाऱ्याला सांगण्याहून मोठे जनहित कोणते?

कीटकनाशकांसाठी नव्या कायद्याची विधेयके २००८ आणि २०२० मध्ये राज्यसभेत आली, पण संमत झाली नाहीत. पुढे जेव्हा केव्हा नवा कायदा येईल, तेव्हा त्यात शेतमजूर हा शब्द आहे का आणि त्याच्या वैद्यकीय तपासणीचा खर्च कोणावर टाकला आहे, हे आपल्या लोकप्रतिनिधींना आतापासून विचारा. मत मागायला येतील तेव्हा हाच प्रश्न पुढे ठेवा.

आणि सरकारच्या आधी आपण काय करू शकतो? १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी ग्रामसभा घ्यावीच लागते. पिशोर आणि भोवतालच्या वस्त्यांमधल्या, तांड्यांमधल्या तरुणांनी त्या सभेत दोन ओळींचा ठराव मांडावा: गावातल्या फवारणी करणाऱ्या सर्व स्त्री-पुरुषांची यादी करावी आणि ३७ व्या नियमाप्रमाणे त्यांची तपासणी करण्यास आरोग्य व कृषी खात्याला कळवावे. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या. तालुका कृषी अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना ती पोचपावतीसह द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्यावरही गप्प राहिले तर अपील करा. कागद तयार झाला की त्याला पाय फुटतात आणि तो न्यायालयापर्यंत चालत जातो. यादीत पहिले नाव कोणाचे लिहायचे, एवढे मात्र गावाने आजच ठरवावे.